भानावर असताना

आमच्या घरात कागद माझे आणि सह्या ह्यांच्या, ही वाटणी लग्नानंतर वर्षभरातच होऊन गेली. कोणी बसून ठरवली असं नाही. फॉर्म दिसला की ह्यांना जांभई यायची आणि मला चेव यायचा, इतकं ते साधं होतं. पुण्यातलं गॅस कनेक्शन असो की जपानात सेंदाईला आल्यावरचा भाडेकरार, मी सगळं भरून ठेवायची, सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली करायची आणि जेवणं झाली की कागद ह्यांच्यापुढे सरकवायची. हे बडीशेप चघळत "कुठे?" एवढंच विचारायचे. वाचायचे कधीच नाहीत.

मला त्याचा अभिमान होता, हे लपवण्यात अर्थ नाही. इथल्या मराठी मैत्रिणी म्हणायच्या, आमच्याकडे नवरे एकेका कागदाचा कीस काढतात. मी म्हणायची, आमच्याकडे कायदे मी करते आणि हे राष्ट्रपतींसारखी सही करतात. सगळ्या हसायच्या, हे सुद्धा हसायचे. ह्यांचं काम विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, धातूंवर. त्यांना तिथे एक सूत इकडचं तिकडे झालेलं चालत नसे, आणि घरी मात्र मी पुढे केलेल्या कोऱ्या कागदावरही त्यांनी सही केली असती.

त्यात पुढे मला वॉर्ड ऑफिसात पार्ट-टाइम काम मिळालं. परदेशी माणसांसाठी एक खिडकी आहे, तिथे बसून नव्याने आलेल्यांना फॉर्म भरायला मदत करायची. कुठला दाखला कुठे मिळतो, कुठे सही चालते आणि कुठे स्वतःच्या नावाचा नोंदवलेला शिक्काच लागतो, हे मला तोंडपाठ. लोक माझ्याकडे पत्ते विचारत यायचे आणि मी त्यांना वर दोन सल्ले फुकट द्यायची. कागदाच्या बाबतीत मला कोणी काही शिकवावं असं उरलेलं नाही, असं मला मनापासून वाटायचं.

आजाराचा पहिला इशारा कचऱ्याने दिला. कचऱ्याचं खातं घरात ह्यांचं होतं. बाटल्यांची झाकणं वेगळी, लेबलं वेगळी, दुधाचे खोके धुऊन, वाळवून, कापून, असं त्यांचं ते साग्रसंगीत चालायचं. एके दिवशी शेजारच्या आजी दारात आल्या. हातात आमची पिशवी, आणि स्वतःच चूक केल्यासारख्या वाकून माफी मागत होत्या. प्लॅस्टिकच्या दिवशी आमच्या पिशवीत कांद्याची सालं आणि चहाचा चोथा गेला होता. हे आतून आले, पिशवीकडे बघितलं आणि म्हणाले, "ही आपली नाही." पिशवीवर त्यांच्याच हाताची गाठ होती, ती मी कुठेही ओळखली असती.

मग एकदा त्यांचे सहकारी फोन करून विचारायला लागले की आज सर येणार नाहीत का. हे तर सकाळीच निघाले होते. प्रयोगशाळा टेकडीवरच्या कॅम्पसमध्ये हलवून कितीतरी वर्षं झाली होती, आणि हे गावातल्या जुन्या इमारतीसमोर थंडीत उभे होते. तिथे आता सायकलींचा स्टँड आहे. एका विद्यार्थिनीने ओळखून त्यांना घरी आणून सोडलं.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आम्हाला दोघांना समोर बसवून निदान सांगितलं. जपानीत सांगितलं, सावकाश, नीट, आकृती काढून. हे मान डोलवत होते. ज्या माणसाने जपानीत व्याख्यानं दिली तो मान डोलवतोय म्हणजे त्याला कळतंय, असं डॉक्टरांना वाटलं. मला माहीत होतं की नाही कळत. ह्यांची जपानी त्याआधीच गळायला लागली होती. बाहेर आल्यावर औषधांच्या दुकानात रांगेत उभे असताना त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाले गं?"

मी म्हटलं, "वयाचं आहे. गोळ्या दिल्यात."

"व्हिटॅमिन?"

"तसंच काहीतरी."

ते खोटं मी विचार करून बोलले नव्हते. रांगेत पुढे दोन माणसं होती, मागे तीन. तिथे उभ्या उभ्या एका माणसाला त्याची बुद्धी जाणार आहे असं कसं सांगायचं? घरी गेल्यावर सांगू म्हटलं. घरी गेल्यावर पिठलं-भात केला, ह्यांनी आवडीने खाल्ला, आणि मी म्हटलं उद्या सांगू. उद्या रविवार होता. त्या 'उद्या'चं पुढे दीड वर्ष झालं.

मुलगी ओसाकाला असते. तिला मी पहिल्याच आठवड्यात फोनवर सगळं सांगितलं. ती मराठीत ऐकते आणि जपानीत उत्तर देते, लहानपणापासूनचं आहे ते. तिने एकच विचारलं, "पापा वा शित्तेरू नो?" पापांना माहीत आहे का? मी म्हटलं, सांगेन गं, सवडीने. तिने त्यानंतर दर फोनला तेच विचारलं आणि मी दर फोनला तेच उत्तर दिलं.

पुढचा धक्का बँकेत बसला. ह्यांनी मशीनवर आकडे चुकीचे दाबून कार्ड बंद पाडलं आणि आम्ही दोघं काउंटरवर गेलो. तिथल्या बाईंनी ह्यांना साधेच प्रश्न विचारले. जन्मतारीख, पत्ता. हे दर प्रश्नाला माझ्याकडे बघायचे आणि मी उत्तर द्यायची. शेवटी त्या बाई मला हलक्या आवाजात म्हणाल्या, ओकुसान, म्हणजे बाईसाहेब, मी आज काही पाहिलं नाही असं समजते, पण तुम्ही लवकर काहीतरी व्यवस्था करा. खातेदाराला स्वतःचं काही कळत नाही असं बँकेला एकदा कळलं की पुढे बायकोलाही त्या खात्याला हात लावता येत नाही.

ती व्यवस्था म्हणजे काय, ते मला दस्तऐवज करून देणाऱ्या एका बाईंनी समजावलं. वॉर्ड ऑफिसातल्या ओळखीने मी त्यांच्याकडे गेले होते. माणूस भानावर असताना त्याने आपल्या मर्जीने एक करार करायचा: पुढे माझं डोकं चालेनासं झालं तर माझी बँक, माझं घर, माझा दवाखाना ह्या अमुक माणसाने बघावं. तो माणूस तो स्वतः निवडतो, हे त्यातलं मुख्य. करार नोटरीसमोर करायचा. आणि तो वेळेत केला नाही, तर पुढे कोर्ट कोणालातरी नेमतं, आणि तो कोणीतरी बहुतेक वेळा परका वकील असतो.

नोटरी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पुण्यातला कोर्टाबाहेरचा नोटरी आला. पत्र्याच्या शेडखाली टेबल, त्यावर शिक्क्यांची रांग. आपण कागद पुढे करायचा, तो मान वर न करता धडाधड शिक्के मारतो, आपण पुढच्या माणसासाठी खुर्ची सोडायची. माणूस जिवंत आहे का हे सुद्धा तो बघत नाही. म्हणजे काम कागदांचं होतं, आणि कागद तर माझ्या हातचा मळ. मी लगेच तयारीला लागले. रहिवासाचे दाखले आणले, शिक्क्याच्या नोंदीचा उतारा आणला, पुण्याहून लग्नाचा दाखला मागवून त्याचं भाषांतर करून घेतलं. फाइलला रंगीत पट्ट्या लावल्या. मला तेव्हा खूप दिवसांनी बरं वाटलं होतं. निदान एक गोष्ट माझ्या हातात होती.

त्या बाईंनी मला तीन वेळा विचारलं, "हे सगळं तुम्ही मिस्टरांना समजावून सांगितलंय ना?" मी तिन्ही वेळा हो म्हटलं. ह्यांना समजावण्याचा प्रश्न येतो कुठे, असं माझ्या मनात होतं. आजवर एक तरी कागद समजावला होता का? फुली करायची आणि पुढे सरकवायचा.

दुभाष्या लागेल असं नोटरींच्या ऑफिसने कळवलं होतं. ह्यांना जी भाषा सगळ्यात चांगली कळते तीच वापरायची, आणि बोलणारा घरचा नको. तोवर हे इंग्रजीतही अडखळायला लागले होते, मराठी मात्र शाबूत होती. इथे पीएचडी करणारी सांगलीची एक मुलगी होती, गणपतीत आमच्याकडे यायची, जपानी उत्तम. ती लगेच तयार झाली. आदल्या दिवशी तिने फोन केला. "काकू, एक सांगायचं होतं. मी प्रॉमिसच्या कागदावर सही केलीय, जे बोलतील ते जसंच्या तसं सांगणार म्हणून. चालेल ना?"

"अगं, न चालायला काय झालं," मी हसून म्हटलं. "ह्यांना 'हो'शिवाय बोलायचंच काय आहे?"

सकाळी ह्यांनी विचारलं, कुठे निघालोय. मी म्हटलं, विम्याचं काम आहे. त्यांनी निळा शर्ट घातला आणि टाय लावावा का विचारलं. मी नको म्हटलं. थंडी सुरू झाली होती, रस्त्याकडेच्या झाडांची पानं झाडणारी माणसं फुटपाथवर होती, आणि हे बसमध्ये खिडकीशी बसून प्रत्येक थांब्याचं नाव मोठ्याने वाचत होते.

नोटरी म्हणजे सत्तरीचे एक शांत गृहस्थ निघाले, पूर्वी न्यायाधीश असलेले. टेबलावर एकही शिक्का दिसत नव्हता. त्यांनी माझ्या फाइलीकडे बघितलंसुद्धा नाही. खुर्ची ह्यांच्याकडे वळवली आणि सगळं ह्यांच्याशीच बोलायला लागले. प्रवास कसा झाला, बाहेर गार आहे का, आपलं गाव कोणतं. सांगलीची मुलगी शेजारी बसून हळू आवाजात मराठी करत होती. हे नीट उत्तरं देत होते. गाव पुणे, बाहेर गार आहे पण वारा नाही. मी तोंड उघडायला गेले तेव्हा नोटरींनी माझ्याकडे न बघता हाताचा पंजा जरासा वर केला. 

मग त्यांनी करार मोठ्याने वाचायला घेतला. एक वाक्य ते वाचायचे, एक ती सांगायची. दुसऱ्या की तिसऱ्या वाक्याला मुलगी क्षणभर थांबली. मग म्हणाली, "काका, ह्यात असं लिहिलंय, की तुमच्या आजारामुळे पुढे तुम्हाला निर्णय घेता येईनासे होतील, तेव्हापासून..."

"कुठला आजार?" ह्यांनी विचारलं.

मुलीने माझ्याकडे बघितलं. नोटरींनी विचारलं, काय म्हणाले? तिने सांगितलं, कोणता आजार असं विचारतायत. आता नोटरींनीही माझ्याकडे बघितलं. त्या खोलीतल्या भिंतीवरचं घड्याळ मला अजून दिसतं.

मी म्हटलं, "अहो, विस्मरणाचा. डॉक्टर म्हणाले होते ना."

"मला म्हणाले होते?"

"मला म्हणाले."

"कधी?"

"दीड वर्ष झालं."

हे माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मला राग चालला असता. मग ते त्या मुलीकडे वळले, उरलेला करार तिच्याकडून ऐकून घेतला आणि महिनोन्महिने मी ऐकला नव्हता अशा आवाजात, प्रयोगशाळेतल्या आवाजात, एकेक विचारायला लागले. "म्हणजे पुढे मला काही कळणार नाही."

"हो, काका."

"तेव्हा बँक, घर, दवाखाना, सगळं हिने बघायचं. आणि ते सगळं कोर्टाला सांगत बसायचं."

"कोर्ट एक माणूस नेमतं, त्यांना सांगायचं. हो."

"किती वर्षं?"

"ते... ते कोणाला सांगता येणार नाही, काका."

"मी असेपर्यंत, म्हणजे." त्यांनी मान हलवली. मग टेबलावरचा कागद दोन बोटांनी नोटरींच्या दिशेने सरकवला. "मग नको. हिच्यावर नको टाकायला. दीड वर्ष हिने हे एकटीने पोटात ठेवलंय, आता आणखी नको. दुसरं कोणीही बघू दे."

खोलीत मराठी कळणारी आम्ही तीनच माणसं होतो. नोटरी पेन हातात धरून वाट बघत होते. ती मुलगी "हो म्हणतायत" एवढं म्हणाली असती तर त्यांना कधी कळलं नसतं. मी तिच्याकडे बघितलं, आणि कसं बघितलं ते मला माहीत आहे. भीक मागितल्यासारखं बघितलं. तिने नजर टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. 'एकटीने' हा शब्दसुद्धा नाही गाळला. मला त्या क्षणी तिचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कोणाचा आला नसेल.

नोटरींनी ते सगळं लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. मला म्हणाले, "तुमच्या पतींना सगळं कळलं आहे. इतकं स्पष्ट उत्तर इथे क्वचित मिळतं. म्हणूनच मला आज हा दस्त करता येणार नाही. घरी बोला. पुन्हा या." आणि उठून ते ह्यांना वाकले. हे उठले आणि तसेच वाकले, जितकं वाकायला हवं तितकंच. माझ्या रंगीत पट्ट्यांची फाइल न उघडता तशीच पिशवीत गेली.

बसमध्ये माझा तोल गेला. मी हलक्या आवाजात पण दात ओठ खात म्हटलं, "काय गरज होती? एक सही तर करायची होती."

"मला विचारायचं होतंस गं."

"विचारून काय झालं असतं? नाहीच म्हणाला असतात."

"पहिल्यांदा नाही म्हणालो असतो," हे खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मग तू भांडली असतीस. मग हो म्हणालो असतो. आपलं असंच तर होतं नेहमी."

  दीड वर्षापूर्वी, त्यांची जपानी गळत होती पण अक्कल जाग्यावर होती तेव्हा, मी चार दिवस भांडायला हवं होतं. चार दिवस ते नको म्हणाले असते, पाचव्या दिवशी कंटाळून हो म्हणाले असते, आणि ते हो त्यांचं स्वतःचं असतं. मी त्यांचं 'नको' टाळायला गेले आणि त्यात 'हो' पण गेलं. मी कितीही म्हटलं की मी त्यांना जपत होते, तरी खरं हे आहे की मला भीती वाटत होती. त्यांना सांगितलं की ते मलाही ऐकू येईल, ही भीती.

त्या संध्याकाळी ह्यांनी गॅलरीत जाऊन वाळत घातलेले दुधाचे खोके आत आणले, कापले, दोरीने बांधले. झोपताना म्हणाले, "उद्या बोलू आपण." मी हो म्हटलं. माझ्यात कितीतरी दिवसांनी जीव आला. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, आता नवरा-बायको म्हणून बसून बोलता येणार होतं.

सकाळी मी चहा ठेवला आणि विचारलं, "कालचं बोलूया?"

"कालचं काय?" ते म्हणाले.

मी त्यांना पुन्हा सांगितलं. चहा पीत, पहिल्यापासून, डॉक्टर, बँक, नोटरी. त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. तेच "कुठला आजार", तेच "कधी", तेच "दीड वर्ष". शेवटी तेच "तुझ्यावर नको." मी भांडले. दुपारपर्यंत ते दमले आणि झोपले, आणि उठले तेव्हा पाटी कोरी.

दोन दिवसांनी मी दुसऱ्यांदा सांगितलं. तेव्हा ते रडले. त्यांचे वडील गेले तेव्हा सोडलं तर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. माझा हात धरून म्हणाले, मुलीला सांगू नकोस. मी म्हटलं, नाही सांगत.

तिसऱ्या वेळी मी मुलीला ओसाकाहून बोलावून घेतलं. ती शेजारी बसली, आणि त्या दिवशी ती मराठीत बोलली, मोडकंतोडकं, चुकत. "पापा, आईला करू दे. तिला पाहिजे आहे."  हे मला म्हणाले, "तुला खरंच चालेल?" मी म्हटलं, मला तेच हवंय. "मग करू की. कुठे सही?" मी तेव्हाच दस्तऐवजवाल्या बाईंना फोन केला. पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली.

पण तोवर ते हो टिकणार नव्हतं, हे आम्हा तिघांपैकी दोघींना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुसलं गेलंच. पुढच्या आठवड्यात पुन्हा त्या टेबलाशी बसायचं, नोटरी पुन्हा तेच वाक्य वाचणार, हे पुन्हा "कुठला आजार" विचारणार आणि ते सगळं पुन्हा त्यांच्या अंगावर कोसळणार. रोजच्या रोज सांगून सवय होईल असं त्यात काही नव्हतं. मला जखम दिसत होती आणि त्यांना ती दर वेळी नव्याने होत होती. मुलगी म्हणाली, एकदाच आई, अजून एकदाच. तिचं चूक नव्हतं. नोटरींकडे जायच्या आदल्या दिवशी मी ह्यांच्यासमोर बसले, तोंड उघडलं, आणि ह्यांनी हसून विचारलं, "काय गं, काही सांगायचंय?"

मी म्हटलं, "संत्री आणलीत. सोलू का?"

दुपारी फोन करून मी ती वेळ रद्द केली. दस्तऐवजवाल्या बाईंनी विचारलं, पुढची कधीची घेऊ? मी म्हटलं, कळवते. ती दया होती की भेकडपणा, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. बहुतेक दोन्ही असेल. मला त्यांना चौथ्यांदा ते सांगवलं नाही, एवढंच मी ठामपणे सांगू शकते.

जानेवारीत ह्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून परत आले ते दुसरेच होऊन आले. माझं नाव गेलं, मुलीचं गेलं, संडास-बाथरूमची वाट गेली. मग जे व्हायचं ते रीतसर झालं. कोर्टात अर्ज, डॉक्टरांचा अहवाल, चौकशी, आणि एक परकी वकीलबाई ह्यांची पालक म्हणून नेमली गेली. मी स्वतःचं नाव सुचवलं होतं. कोर्टाने का नाकारलं ते सांगायला ते बांधील नसतं. वकीलबाई चांगल्या आहेत, वाईट बोलायला जागा नाही. वेळेवर येतात, बूट नीट जोडीने लावून आत येतात, ह्यांना वाकून नमस्कार करतात. पासबुक त्यांच्याकडे असतं. ह्यांना लोकरी पायमोजे घ्यायचे असले तरी मी पावती ठेवते.

गेल्या वर्षी ह्यांच्या थोरल्या बहिणीने पुण्याहून फार आग्रह केला, एकदा डोळ्यांनी बघू दे म्हणून. त्या आता ऐंशीच्या आहेत, त्यांना येणं शक्य नाही. मी वकीलबाईंकडे अर्ज केला, एकदा ह्यांना घेऊन जाऊ द्या, त्यांच्याच पैशाने. त्यांनी डॉक्टरांशी बोलून, विचार करून लिहिलं की इतका प्रवास त्या व्यक्तीच्या हिताचा दिसत नाही. कदाचित बरोबरही असेल. ते कागदावर वाचताना 'ती व्यक्ती' म्हणजे हे, हे कळायला मला दोनदा वाचावं लागलं. वन्सं आता फोन करत नाहीत. नवरा आपला आणि बायकोला अधिकार नाही, हे त्यांना पटतच नाही.

ती सांगलीची मुलगी पदवी घेऊन परत जाताना भेटायला आली होती. दारातच रडायला लागली. "काकू, मी तेव्हा..." मी म्हटलं, तू बरोबर केलंस. तेव्हा ते नुसतं तोंडदेखलं होतं. आता मनापासून म्हणेन, पण आता ती इथे नाही. ह्यांचं शेवटचं शहाणं वाक्य जपानीत कुठेतरी नोंदवलेलं आहे, ते तिच्यामुळेच. ते माझ्या विरुद्ध असलं तरी माझ्यासाठी होतं.

आता हे एका वृद्धाश्रमासारख्या संस्थेत असतात, मी रोज दुपारी बसने जाते. तिथल्या मुली त्यांच्याशी जपानीत बोलतात, मी मराठीत. ते दोन्हीला सारखेच हसतात. एकच मराठी शब्द त्यांच्याकडे उरलाय आणि तो ते सगळ्याला देतात. खिडकी लावू का? बरं. भात मऊ करून देऊ? बरं. मी त्यांना आता सगळं सांगते, आजाराचं नाव, डॉक्टर, औषधांच्या दुकानातली रांग, व्हिटॅमिनचं खोटं, सगळं. त्यांना काही दुखत नाही. तुमचं सगळं मी बघू का, असंही विचारते. बरं, म्हणतात. नोटरींसारखं विचारणारं आता कोणी नाही, आणि हवं होतं ते उत्तर मला रोज फुकट मिळतं.

परवा मी त्यांचा हात धरून म्हटलं, "अहो, एकदा तरी नको म्हणा ना मला."

"बरं," ते म्हणाले.